केळ कोणाच्या मापाचं?

आमच्या भागातल्या आठवणींच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास सापडतं. शब्द थोडे इकडचे तिकडं होतात, मतलब एकच: जागतिकीकरण आलं आणि आमचं गाव गेलं. आधी मोट होती, जात्यावरच्या ओव्या होत्या, हुरडा होता, माणसं एकमेकांना धरून होती. मग 1991 साल उजाडलं, छपरावर टीव्हीची छत्री आली, कंपनीचं बियाणं आलं आणि सगळं नासलं. सभेच्या मंडपात याच्या उलटं वाक्य ऐकायला मिळतं. अर्धापूरचं केळ सातासमुद्रापार गेलं, शेतकरी ग्लोबल झाला, विकास दारात आला. मंडपातला माणूस हार घालून घेतो आणि जातो. पुस्तकातला माणूस शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून उसासा टाकतो. केळीच्या बागेत उभा असलेला माणूस मात्र या दोघांच्याही वाक्यात मावत नाही.

मी अर्धापूरच्या शिवारातल्या केळीवर वाढलेला माणूस आहे. वह्यापुस्तकं केळीच्या पैशातून आली, बहिणीचं लग्न केळीच्या पैशातून झालं. म्हणून दोन्ही वाक्यांची झडती घ्यायला मला केळ हेच बरं पडतं.

आधी त्या 'पूर्वीच्या गावा'चं बघू. आमचं पूर्वी म्हणजे निजामाचं राज्य. देशाला 15 ऑगस्ट 1947ला स्वातंत्र्य मिळालं, आम्हाला 17 सप्टेंबर 1948पर्यंत वाट बघावी लागली. त्याच्या वर इंग्रज होताच. निजाम त्याचा मांडलिक, आणि आम्ही निजामाची रयत. म्हणजे आमची गुलामी दुमजली होती. कचेरीचा कागद उर्दूत. 1918ला हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, उच्च शिक्षण देशी भाषेत देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. पण ती देशी भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्याच्या पोराला ती शिकावीच लागायची. 1956ला आम्ही मुंबई राज्यात गेलो, 1960ला महाराष्ट्रात आलो, तेव्हा पुण्याकडची प्रमाण मराठी आली. तिनं सांगितलं की तुमची मराठीही बरोबर नाही. 'कामून' म्हणू नका, 'का' म्हणा. 'दस्ती' नव्हे, 'हातरुमाल'. आमच्या आजोबांच्या तोंडी पटवारी होता, गिरदावर होता. शाळेतल्या पुस्तकात तलाठी आणि मंडळ अधिकारी आले.

हे सांगायचं कारण इतकंच, की आमचं गाव कधीही एकजिनसी, निर्मळ, बाहेरच्या वाऱ्यापासून लांब असं नव्हतं. केशवराजाचं जुनं मंदिर, शेजारच्या गल्लीतली अजान, बाजारातली दखनी, नायगाव-देगलूरकडून येणारी तेलुगू, सगळं एका तोंडात नांदत होतं. आणि त्याच गावात वेठबिगारही होती, पाणवठा वेगळा होता, गावकुसाबाहेरची वस्ती होती. उसासा टाकणारे लेखक ओवी आठवतात. ती ओवी पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईची होती, हे आठवत नाहीत. पिठाची गिरणी आली तेव्हा आमच्या मायला जात्याचं दुःख झालेलं मी पाहिलं नाही. ती म्हणायची, "लई बरं झालं बाप्पा, हातं मोकळी झाली." तिच्या त्या वाक्याला आमच्या आठवणींच्या पुस्तकांत जागा मिळायला हवी.

आता केळ. 'आपलं केळ' आणि 'परकं केळ' असा भेद केला की गंमत सुरू होते. लहानपणी आमच्याकडं बसराई होती. अर्धापुरी हाही आमच्या गावाच्या नावाचा वाण. विद्यापीठाच्या याद्यांत बसराई, श्रीमंती यांच्या शेजारी त्याचं नाव असतं. नव्वदच्या दशकात जळगावाकडून ऊतिसंवर्धित रोपांचं वारं आलं आणि हळूहळू सगळ्या शिवारात एकच वाण दिसू लागला. आमच्याकडं त्याला 'जी-नाईन' म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की प्रयोगशाळेतला हा नववा नंबर असावा. मुळात ते फ्रेंच नाव आहे, ग्रँड नैन. त्याचा अर्थ मोठी बुटकी. म्हणजे बुटक्या जातीतली जरा उंच. फ्रेंच माणसानं झाडाकडं बघून साधं गावठी नाव ठेवलं, आपण त्याला इंग्रजी अक्षर आणि आकडा चिकटवून शास्त्रीय करून टाकलं.

मग बसराई तरी आपली का? बसराई म्हणजे बुटकी कॅव्हेंडिश. 1830च्या दशकात इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात चॅट्सवर्थ नावाच्या वाड्यात एक उमराव राहायचा, विल्यम कॅव्हेंडिश, डेव्हनशायरचा सहावा ड्यूक. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानं मॉरिशसकडून आलेलं केळीचं रोप काचेच्या घरात वाढवलं, फळवलं आणि मालकाचं नाव त्याला दिलं. मूळ झाड दक्षिण चीनकडचं. चॅट्सवर्थच्या काचघरातली रोपं पुढं मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिकमधल्या बेटांवर गेली. ज्यानं ते केळ शेकडो वर्षं राखलं त्या चिनी शेतकऱ्याचं नाव कुठंच नाही. ज्यानं ते काचेत बघितलं त्या उमरावाचं नाव आज जगभरच्या बाजारात आहे. बसराई आणि जी-नाईन दोघी एकाच कुळातल्या. म्हणजे माझ्या आठवणीतलं 'आपलं' केळ आणि आजचं 'कंपनीचं' केळ या चुलतबहिणी निघाल्या.

भालचंद्र नेमाड्यांनी 1980च्या दशकात देशीवाद मांडला आणि आमच्यासारख्या खेड्यातल्या लिहिणाऱ्यांची मान ताठ झाली, हे खरं आहे. आपल्या मातीतलं, आपल्या बोलीतलं लिहायला लाजायचं कारण नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. पण त्यांच्या मांडणीत देशीकरणही आहे, म्हणजे बाहेरचं आत घेऊन आपलं करणं. आमच्याकडं तो भाग गळाला. देशी म्हणजे जुनं, आणि जुनं म्हणजे चांगलं, एवढंच शिल्लक राहिलं. या हिशोबानं मिरची, भुईमूग, पपई, तंबाखू सगळं शिवाराबाहेर काढावं लागेल, कारण ते अमेरिका खंडातून आलं. ज्वारीचंही मूळ आफ्रिकेत. ज्या भाकरीवर आम्ही देशीपणाची शपथ घेतो तीही कुठून तरी आलेलीच.

म्हणून वस्तू कुठून आली हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत नाही. तिला माप कोण लावतं, हा खरा प्रश्न आहे.

बागेत कटाईला टोळी येते तेव्हा हे माप दिसतं. बाहेर जाणाऱ्या मालासाठी घडाला पिशवी घातलेली हवी, केळफूल वेळेवर तोडलेलं हवं, खालच्या फण्या आधीच छाटलेल्या हव्यात. केळाची लांबी ठरलेली, जाडी ठरलेली, सालीवर डाग नको, वाक ठराविक. फणी पाण्यात धुऊन, पुसून, खोक्यात अशी बसली पाहिजे की उघडणाऱ्याला सगळी केळी जुळ्या भावंडांसारखी दिसावीत. एकदा आमचा अर्धा माल एका व्यापाऱ्यानं बाजूला काढला. सालीवर पानाचा घासा लागून तपकिरी रेघा आल्या होत्या. दादा त्याला म्हणाले, "सोलून खाऊन बगा, मंग बोला." तो हसून म्हणाला, "काका, खाणारा सोलायच्या आधी घेतो." त्याचं चुकीचं नव्हतं. त्यालाही पुढं कुणी तरी मापत होतं. पण तो माल लोकल म्हणून निम्म्या भावात गेला, आणि चवीला त्यात काही कमी नव्हतं. चवीचा रकाना त्या मापात नव्हताच.

आता मंडपातल्या वक्त्याला विचारलं पाहिजे: भारत जगात सगळ्यात जास्त केळ पिकवणारा देश आहे, जगातल्या केळीचा साधारण पाव हिस्सा आपला, त्यातला बाहेर जातो तो फार थोडा. बाकी सगळं आपणच खातो. मग त्या थोड्याशा मालाचं माप सगळ्या शिवाराचं माप कसं झालं? नांदेडच्या आठवडी बाजारात घेणाऱ्या बाईलाही आता डागाळलेलं केळ नको वाटतं. परदेशी माणसाच्या डोळ्यानं आपण आपलं फळ बघायला लागलो. गोरा साहेब निघून गेला आणि त्याचा चष्मा आपण ठेवून घेतला.

हे नुसतं मानापमानाचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. एका मापाच्या मागं एक जीवघेणी गोष्ट आहे. ऊतिसंवर्धित रोप म्हणजे एकाच झाडाच्या नकला. केळीला बी नसतं; कंदानं किंवा प्रयोगशाळेतल्या पेशीनं तिची तीच पुन्हा लावायची. शिवारातली सगळी झाडं म्हणजे एकच झाड. एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. हे जगात एकदा घडून गेलं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाचं एकच केळ चालायचं. मध्य अमेरिकेतली जंगलं तोडून मैलोन् मैल तेच लावलं होतं. मातीतल्या बुरशीनं, पनामा मर रोगानं ते झोपलं. 1960च्या आसपास कंपन्यांना ते सोडावं लागलं. त्याच्या जागी कॅव्हेंडिश आणली, कारण तिला तो रोग होत नव्हता. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर-4, कॅव्हेंडिशलाच मारतो. आशियातून तो आफ्रिकेत गेला, 2019ला कोलंबियात सापडला. आपल्याकडं बिहार आणि उत्तर प्रदेशात तो आला आहे. बुरशी मातीत वर्षानुवर्षं जगते. औषध मारून जात नाही. चिखल लागलेल्या बुटानं, कंदानं, ट्रॅक्टरच्या चाकानं ती फिरते.

कंपनीला एक देश बुडाला तर दुसरा आहे. मध्य अमेरिकेत त्यांनी तेच केलं, रोगट जमीन टाकून पुढची घेतली. अर्धापूरच्या तीन एकरवाल्यानं कुठं जावं? वाणांची विविधता म्हणजे हौसेनं कुंडीत ठेवायची शोभा नाही. तो गरिबाचा विमा आहे. सरकारी विमा आहेच. हवामानावर आधारित फळपीक विमा. त्याचंही माप आहे. महसूल मंडळातल्या यंत्रानं थंडी, वारा किती नोंदवला, त्यावर पैसे. यंत्राजवळ वारा कमी आणि तुमच्या बागेत जास्त असेल, तर झाडं आडवी पडूनही कागदावर उभीच राहतात.

आणि पाण्याचं काय? आमची केळी ईसापूरच्या पाण्यावर आणि विहिरींवर. पैनगंगेवरचं ते धरण भरलं तर बाग, नाही तर खोडवं काढून टाकायचं. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच मराठवाड्यातून केळाच्या, उसाच्या रूपानं पाणी ट्रकात भरून बाहेर जातं, ते कुणी दाखवत नाही. माल विकला याची नोंद होते. पाणी विकलं याची होत नाही.

केळीच्या हिशोबाची अशी वही साहित्यानं ठेवल्याचं एक मोठं उदाहरण आहे. 1928च्या डिसेंबरात कोलंबियातल्या सिएनागा गावात युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी मजुरांवर सैन्यानं गोळ्या झाडल्या. किती मेले याचा पक्का आकडा आजही नाही. त्याच भागात वाढलेल्या गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी 1967च्या कादंबरीत, 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये, ती घटना आणली. तिथं गोळीबार पाहिलेला माणूस सांगत फिरतो आणि गाव त्याला म्हणतं की असं काही झालंच नाही. मार्केझ केळाला शिव्या देत नाहीत, जुन्या गावाच्या आठवणीनं गळाही काढत नाहीत. त्यांचं जुनं गावही वेड्या, हट्टी माणसांनी भरलेलं आहे. वही कुणाच्या हातात होती आणि त्यातून कोणती पानं फाडली गेली, तिकडं ते बोट दाखवतात. आमच्या ग्रामीण लिखाणात दुष्काळ आला, कापूस आला. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'नं शिकलेल्या शेतकरीपुत्राची कोंडी मांडली, परभणीकडच्या आसाराम लोमट्यांच्या कथांनी गावातलं राजकारण उघडं केलं. हे मोठं काम आहे. आठवणींच्या लिखाणाची मजल मात्र अजून मोटेच्या नाड्यापाशीच अटकते. खोक्यात फण्या भरणाऱ्या माणसाची मजुरी, पिकवणीच्या वखारीतलं काम, गाडी परत फिरली की कुणाचं नुकसान, या गोष्टी त्यात कधी येणार?

हळदीची गोष्टही सांगायला पाहिजे, कारण केळीच्या खालोखाल आमच्या शिवारात हळदच. शेजारी वसमत, हिंगोली म्हणजे हळदीचे मोठे बाजार. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरते या 'शोधा'चं पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, तेव्हा रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं आणि 1997ला ते रद्द झालं. अभिमानाची गोष्ट आहे, यात वाद नाही. पण लढाई कशावर जिंकली ते बघा. संस्कृत ग्रंथ आणि 1953 सालचा वैद्यकीय मासिकातला छापील लेख असे लेखी पुरावे द्यावे लागले. माझ्या मायनं माझ्या फुटलेल्या गुडघ्यावर किती वेळा हळद दाबली, याला त्या दरबारात पुरावा म्हणून किंमत नव्हती. ज्याचा कागद आहे तेच ज्ञान. जे ग्रंथात नाही, छापील नाही, जे फक्त बायांच्या हातात, लमाण तांड्यावरच्या म्हातारीच्या डोक्यात आहे, त्याचं काय? ते उद्या कुणी नेलं तर कोणता कागद दाखवायचा? निजामाच्या कचेरीतही कागद लागायचा, आणि तो आमच्या भाषेत नसायचा. कचेरी बदलली, रिवाज तोच राहिला.

आता हळदीला माप आहे कुरकुमीनचं. किती टक्के ते सांगा, त्यावर भाव. मापाला माझी ना नाही. भेसळ रोखायची तर माप लागतंच, आणि शेतकऱ्याला चांगल्या मालाचा पैसा मिळायचा तर त्याच्या हातातही ते लागतं. पण ते यंत्र शेतकऱ्याच्या गटाकडं असलं पाहिजे. ज्याच्याकडं तराजू त्याचाच भाव, हे आम्ही सावकाराच्या काळापासून बघतोय.

एक आमच्या घरचं उदाहरण. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं 1980च्या दशकात एनएचएच-44 हा संकरित वाण काढला. लोकांनी त्याला 'नांदेड-44' म्हटलं. कोरडवाहू रानात तग धरणारा, रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देणारा. 2002ला बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत नांदेड-44 दुकानातून दिसेनासा झाला. तो नापास झाला नव्हता. बाजाराला बीटी जनुक हवा होता आणि त्याच्यात तो नव्हता. पुढं कृषी विद्यापीठानं महाबीजला बरोबर घेऊन त्याच्यातच तो जनुक घालून वाण परत आणायचा उद्योग केला. आपलं लेकरू बाजारात उभं करायला त्याला दुसऱ्याच्या घरचा अंगरखा घालावा लागला. तरी मी या उद्योगाला वाईट म्हणणार नाही. बाहेरचं घेऊन आपलं टिकवायचं, हेच तर देशीकरण. वाईट एवढंच वाटतं की मधली वर्षं शेतकऱ्याला निवड नव्हती, आणि त्याबद्दल मंडपातही कुणी बोललं नाही आणि पुस्तकातही.

मग करायचं काय? परत मोटेकडं जायचं नाही. केळ बाहेर जाऊ द्या, जरूर जाऊ द्या. त्या पैशानं पोरं शिकली आहेत. पण नांदेडला केळी संशोधन केंद्र आहे. तिथल्या जुन्या वाणांचे कंद बागेच्या कडेला एक-दोन ओळी तरी लावता आले पाहिजेत, आणि त्या ओळीच्या केळाला आपल्याच बाजारात बरा भाव देणारं गिऱ्हाईक आपण घडवलं पाहिजे. बाहेरून कंद आणताना तपासणी मागितली पाहिजे, शेजाऱ्यानं नाही मागितली तर त्यालाही सांगितलं पाहिजे. विकास सांगणाऱ्याला भावाबरोबर पाण्याचा आकडा विचारला पाहिजे, मजूर बाईचा रोज विचारला पाहिजे. गडी आणि बाई एकाच फणीला हात लावतात आणि संध्याकाळी वेगवेगळा रोज घेतात, हे माप तर कुठल्या कंपनीनं आणलेलं नाही. ते आपलंच, देशी आहे.

आणि लिहिणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, उसासा थोडा आवरून शब्द टिपले पाहिजेत. घासा म्हणजे काय, खोडवं कधी ठेवायचं, हळद शिजली हे काडी टोचून कसं ओळखायचं, हे त्याच बोलीत, त्याच तोंडच्या शब्दांत, सांगणाऱ्याच्या संमतीनं वहीत उतरलं पाहिजे. उद्या कुणी कागद मागितला तर निदान तो आपल्या हातचा असेल, आपल्या भाषेत असेल, आणि त्यात 'कामून' हा शब्द कुणी खोडलेला नसेल.